बापदेवाला फुकटचं आवतण

नामदेव घरतांकडून कुणी काही घेतलं, की घेणाऱ्याची पाठ वळायच्या आत ते परत कसं आणायचं याचा विचार त्यांच्या डोक्यात सुरू होतो. यात त्यांचा काही दोष नाही. द्रोणागिरीच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून असलेल्या तळखार गावातल्या सगळ्यांनाच ही खोड आहे. नव्या शहरासाठी गावाची शेती गेली, मिठागरं गेली, आणि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळणार असं ठरलं. ते साडेबारा टक्के मिळवण्यात नामदेवांचं तारुण्य संपलं. त्यांनी मोर्चे काढले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, साहेबांच्या टेबलापुढे ठाण मांडून डबे खाल्ले. शेवटी भूखंड मिळाला. तो त्यांनी कंटेनर यार्डवाल्याला भाड्याने दिला आणि न्हावा शेव्याला बोटीतून उतरलेले लोखंडी डबे घरतांच्या जागेत एकावर एक चढू लागले. घर तीन मजली झालं, दारात दोन गाड्या आल्या, गावात लोक नामदेवशेठ म्हणू लागले. फक्त भांडायला कुणी उरलं नाही, आणि ही उणीव त्यांना साठीनंतर फार जाणवू लागली.

ती उणीव वाशीच्या एका बँकेने भरून काढली. या बँकेत रणजीत नावाचा एक रिलेशनशिप मॅनेजर होता. त्याच्या गळ्यात टाय असे आणि जिभेवर साखर. नामदेवांच्या खात्यातलं भाडं बघून त्याने घरी येऊन एक धातूचं क्रेडिट कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. टेबलावर टाकलं की ठण्णकन वाजायचं. नामदेवांना तो आवाज आवडला, त्यांनी दोन सह्या केल्या आणि रणजीतला कोळंबीचं कालवण खाऊ घालून पाठवलं. पुढच्या महिन्यात स्टेटमेंट आलं तेव्हा त्यात कार्डाची वर्षाची फी लागली होती. साठ हजार, वर जीएसटी.

घरात एकच आरडाओरडा झाला. नामदेवांची मुलगी भाविका वाशीला एका सीएच्या ऑफिसात कामाला होती. तिने बापाला खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि समजावलं.

"बाबा, टेन्शन घेऊ नका. फी घेतात, पण ती क्रेडिटने परत देतात. महिन्याला हॉटेलच्या जेवणाचे दोन हजार, तीन महिन्यांनी सिनेमाचे, सहा महिन्यांनी मसाजचे. आपण आधी कार्डाने भरायचं, मग तेवढे पैसे ते स्टेटमेंटमध्ये जमा करतात. फक्त मुदतीत वापरायचं. नाही वापरलं तर गेलं."

नामदेव पाणी प्यायचे थांबले.

"म्हंजे आदी आमचा घेनार, मंग आमालाच थोरा थोरा करून परत देनार. तो पन आमी मागं लागलो तर."

"हो, तसंच."

"म्हंजे साडेबारा टक्केच हाय हा," नामदेव म्हणाले, आणि कित्येक वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

त्या दिवसापासून नामदेव हात धुवून बँकेच्या मागे लागले. दर महिन्याच्या अखेरीला ते बायकोला, म्हणजे पुतळाबाईंना, वाशीच्या मोठ्या हॉटेलात जेवायला नेऊ लागले. पुतळाबाईंना तिथलं अन्न मेलं आळणी लागायचं. त्या पर्समध्ये सुकटीच्या चटणीची डबी ठेवायच्या आणि वेटरची पाठ फिरली की ती पनीरवर भुरभुरवायच्या. वास सगळ्या हॉलभर पसरायचा. पहिल्या वेळी बिल झालं पाच हजार सातशे. त्यातले दोन हजार परत आले तेव्हा नामदेवांनी घरात पेढे वाटले.

"बाबा, तीन हजार सातशे गेले की आपले," भाविका म्हणाली.

"ते जेवनाचे गेले. दोन हजार बँकेकडून काडले," नामदेव म्हणाले. "दोन्ही एकत्र धरू नको. एकत्र धरशील तर कुटलाच लढा जिंकता येनार नाय."

सिनेमाचं क्रेडिट वसूल करायला ते आडवं होता येईल अशा खुर्चीत भुताचा सिनेमा बघायला गेले आणि मध्यंतरापर्यंत घोरले. शेजारच्या माणसाने तक्रार केली तर म्हणाले, पैसे भरलेत. मसाजचं क्रेडिट संपायला आलं तेव्हा स्वतः जाऊन उताणे पडले. कुणा परक्या पोराने अंगाला लवंगाचं की कशाचं तेल चोळलं. घरी आले तर त्यांचाच कुत्रा त्यांना ओळखेना. दारात उभं राहून भुंकत राहिला. पुतळाबाईंनी त्यांना ओटीवरच आंघोळ घातली. पण गावात नामदेवशेठची छाती फुगलेली होती. पाराजवळ कुणीही भेटला तरी ते बँकेकडून काय काय काढलं ते ऐकवायचे. ज्यांच्याकडे असलं कार्ड नव्हतं, त्यांना ऐकून आपलं काही तरी बुडतंय असं वाटायचं. आणि असं वाटायला लावणं हेच तर या कार्डाचं खरं काम असतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना थोरल्या मुलाचं, रूपेशचं लग्न ठरलं.

रूपेशचं लग्न हा त्या घरातला नाजूक विषय होता. न्हावा शेव्याला कस्टमच्या कामात असलेला, देखणा, सरळ मुलगा. पण त्याचं आधी एकदा ठरलेलं लग्न हळदीच्या तोंडावर मोडलं होतं. का मोडलं याची मुलीकडच्यांनी सांगितलेली कारणं वेगळी होती. पुतळाबाईंना खरं कारण ठाऊक होतं. बापदेवाला आवतण पोचलं नव्हतं.

घरतांचा बापदेव म्हणजे शेताच्या बांधावरचा एक शेंदूर लावलेला दगड, उंडीच्या झाडाखालचा. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेल्या त्या मोठ्या बांधाची राखण तो करायचा. घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका, अक्षता आणि नारळ त्याच्यापुढे ठेवायचा, मग बाकीच्या जगाला बोलवायचं, अशी रीत. शेत सरकारजमा झालं, त्यावर भरणी झाली, तरी बांधाचा तेवढा तुकडा उरला होता आणि लोक गुपचूप जाऊन नारळ ठेवून यायचे. मग तिथे गोल्फ क्लब झाला. उंच भिंत आली, फाटक आलं, फाटकावर गार्ड आला. रूपेशच्या मोडलेल्या लग्नाच्या वेळी पुतळाबाईंनी भिंतीबाहेरून नारळ आत भिरकावला होता. तो तारेला आपटून बाहेरच पडला. त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, हा इशारा आहे म्हणून.

"या खेपेला आत जाऊन आवतन द्याचा," पुतळाबाईंनी नवऱ्याला बजावलं. "नायतर मी उखलात हलद फोडाया बसनार नाय. पोराची हलद आयशीच्या हातची नाय लागली तर काय ता तुमी बगा."

नामदेव क्लबच्या फाटकावर गेले. गार्ड म्हणाला, मेंबर लोकांनाच सोडतो. मॅनेजरला भेटले. तोही म्हणाला, मेंबर किंवा त्याचा पाहुणा, नाही तर ठरावीक कार्डवाले खेळाडू. देवाची अशी काही कॅटेगरी आमच्याकडे नाही. नामदेव घरी आले आणि डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात भाविकाने कार्डाचं माहितीपत्रक वाचून काढलं आणि ओरडली.

"बाबा! ठरावीक कार्डात आपलं कार्ड आहे. वर्षातून चार वेळा गोल्फ खेळायचं, सोबत एक पाहुणा. बिल कार्डाने भरायचं, सगळं क्रेडिट येतं."

नामदेवांना आधी आनंद झाला आणि लगेच राग आला. राग या गोष्टीचा, की हे क्रेडिट इतके दिवस आपल्या लक्षात कसं आलं नाही.

गोल्फला कॉलरचा टी-शर्ट, बूट आणि पँट सक्तीची होती. नामदेव आयुष्यभर पांढऱ्या लेंग्यात वावरलेले. रूपेशने आपली पँट दिली, ती पोटावर बसेना, तेव्हा भाविकाने मागून सुताच्या दोरीने आवळली. पुतळाबाईंनी लुगडं सोडून काही घालायला साफ नकार दिला. त्या पाहुण्या असल्याने चाललं. नारळ, शेंदूर, अक्षता, उदबत्ती आणि पत्रिका अशी सगळी तयारी भाड्याच्या गोल्फच्या पिशवीत, काठ्यांच्या शेजारी गेली.

क्लबने नवख्या खेळाडूंबरोबर एक शिकवणारी दिली होती, ईश्वरी नावाची. टोपीतून मागे झुलणारी वेणी, गोड बोलणं. "सर, या आधी कधी खेळला आहात?" तिने विचारलं.

"हितंच खेललोय," नामदेव म्हणाले. "पन तवा हितं भात व्हता."

ईश्वरीला वाटलं, सर विनोद करताहेत. ती छान हसली. तिने त्यांना काठी धरायला शिकवली. नामदेवांनी ती कोयत्यासारखी धरली आणि पहिल्याच फटक्यात हिरवळीचा चांगला वीतभर तुकडा उडवला. चेंडू जागचा हलला नाही. मग तिघं विजेच्या गाडीत बसून पुढे निघाले आणि चेंडू घालायच्या चौथ्या खड्ड्याच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला पुतळाबाईंनी एकदम गाडीचा दांडा घट्ट पकडला.

उंडीचं झाड उभं होतं. क्लबवाल्यांनी शोभेचं म्हणून ठेवलेलं. आणि त्याखाली बांधाचा उंचवटा, त्यावर आता कापलेलं गवत. गवतात बापदेव बसलेला होता, शेंदूर पार धुऊन गेलेला. कुणाचा तरी हरवलेला चेंडू त्याच्या अंगाला टेकून पडला होता.

पुतळाबाई गाडीतून उतरल्या त्या जवळजवळ पळतच गेल्या. त्यांनी पदराने दगड पुसला, शेंदूर लावला, अक्षता वाहिल्या, पत्रिका उघडून त्यावर रूपेशचं आणि नव्या सुनेचं नाव बोट ठेवून देवाला दाखवलं. मग त्या मोठ्याने रडल्या. नामदेव मागे बांधावर उभे होते. बुटातून सुद्धा त्यांच्या पायांना तो बांध कळत होता, कुठे बसका आहे, कुठे चढ आहे, सगळं. नारळ फुटल्याचा आवाज ऐकून लांबचे दोन खेळाडू थबकले आणि कुणाचा फटका एवढा जोरात बसला म्हणून बघू लागले.

बिल अठरा हजार झालं. नामदेवांनी कार्ड टेबलावर ठण्णकन टाकलं. इतक्या खुशीने त्यांनी कार्ड कधीच टाकलेलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस घर लग्नघर झालं. पापड लाटले गेले, मंडपवाला आला, ब्रास बँडला इसार गेला. आणि एका दुपारी नामदेव फोन उंच धरून माजघरात आले. गावातल्या पाच-सहा बायका पुतळाबाईंबरोबर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आलं गो आलं! अठराच्या अठरा हजार परत आलं! बँकेनं बापदेव पन फुकटात केला!"

बायका हसल्या. पुतळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"फुकटात म्हंजे?"

नामदेवांनी समजावलं. पैसे आपण भरले होते, ते बँकेने परत दिले, म्हणजे आपला एक रुपया गेला नाही. ते जसजसे समजावत गेले तसतसा त्यांचा स्वतःचा आवाज खाली येत गेला, कारण पुतळाबाईंचा चेहरा त्यांना दिसत होता.

"म्हंजे देवाच्या दारी आमी बँकेच्या पैशान गेलो," पुतळाबाई म्हणाल्या. "आवतन बँकेनं दिला. मंग हलद पन बँकेच्या घरीच लावा."

त्या उठून आत गेल्या. आत गेल्या त्या गेल्याच. तांदूळ निवडायला आलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि आपापली सुपं उचलून मुकाट्याने घरी चालत्या झाल्या.

देवाचं काम स्वतःच्या गाठीच्या पैशाने करायचं, दुसऱ्याच्या पैशाने केलं तर ते दुसऱ्याच्या नावावर जातं. हे नामदेवांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. परत मिळण्याच्या नादात ते विसरले होते. भाविकाने सुचवलं, अठरा हजार देवळाच्या पेटीत टाकू. पुतळाबाई दाराआडून म्हणाल्या, गावदेवीच्या पेटीत टाकून बापदेवाला कसं पोचेल. रूपेश फक्त आईच्या बंद दाराकडे बघून कामावर निघून गेला. ते नामदेवांना फार लागलं. पोराचं लग्न दुसऱ्यांदा मोडलं तर आपल्यामुळे मोडेल, हा विचार त्यांना जेवू देईना.

त्यांनी बँकेला फोन लावला. कधी नाही ते, पैसे मागायला नव्हे.

"सर, मी पाहतेय, तुमचं गोल्फचं पूर्ण क्रेडिट तुम्हाला मिळालेलं आहे," फोनवरची बाई म्हणाली.

"तेच तर. तो परत घ्या."

"सर, काही कमी मिळालं का?"

"कमी नाय. सगला मिलला. तो मना नको."

पलीकडून कळांचा टकटक आवाज आला. "सर, आमच्या सिस्टीममध्ये क्रेडिट परत घेण्याची सोय नाही. पण तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल मी पाचशे रुपयांचं सद्भावना क्रेडिट टाकते."

"अगो बाय, नको टाकू!" नामदेव ओरडले. तोवर टाकून झालं होतं.

त्यांनी रणजीतला गाठलं. रणजीतने ऐकून घेतलं, त्याला काही समजलं नाही, आणि समजलं नाही की माणसाने जे करायचं असं त्याला शिकवलेलं होतं ते त्याने केलं. त्याने वरच्या साहेबाला मेल केली की फार जुना आणि मोठा ग्राहक नाराज आहे. दुसऱ्या दिवशी कार्डात आणखी दोन हजार जमा झाले. फोनवर मेसेज वाजला तो नेमका पुतळाबाई पाणी घ्यायला बाहेर आल्या तेव्हा. भाविकाने तो वाचून दाखवला.

"आता देवाच्या जिवावर नफा पन काडला," पुतळाबाई म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या तसाच ठेवून आत गेल्या.

नामदेवांनी क्लबला जाऊन विचारलं, रोख भरून पुन्हा आत सोडाल का? नाही म्हणाले. बाहेरच्या माणसाला त्या कार्डावरच प्रवेश, दुसरं कार्ड चालणार नाही, रोख चालणार नाही. म्हणजे आत जायचं तर त्याच कार्डाने जायचं, आणि त्या कार्डाने गेलं की पैसे आपोआप परत येणार. ज्या माणसाने साठ हजारांतली पै न पै बँकेच्या नरड्यातून काढली होती, त्याला आता आपले पैसे जाऊ कसे द्यायचे हे सुचेना. रात्रभर त्यांनी कूस बदलली.

सकाळी भाविका चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, वर्षाला चारच वेळा फुकट आहे."

"मंग?"

"एक झालं. अजून तीन वेळा खेळून टाका. पाचव्यांदा क्रेडिट येणार नाही. पाचवं बिल आपल्या खिशातून."

नामदेवांनी पोरीकडे बघितलं. त्यांना वाटलं, सीए लोकांना पगार उगाच देत नाहीत. पुतळाबाईंना विचारलं. त्यांनी दाराची फट उघडली, विचार केला आणि म्हणाल्या, पाचव्या खेपेला मी येईन. फुकटच्या तीन खेपा तुमच्या तुमी उरका, आणि देवापुढे उभं राहू नका, लांबून जा.

लग्न तोंडावर आलेलं, घरात हजार कामं, आणि वरबाप दिवसाआड टी-शर्ट घालून गोल्फला निघालेला. मंडपवाला फोन करायचा तर पलीकडून "थांब, मी खेलतोय" असं उत्तर यायचं. गावात नामदेवशेठला पैशाचा माज चढला असं बोललं जाऊ लागलं. मुलीकडच्यांच्या कानावरही गेलं. ते मात्र खूश झाले, व्याही गोल्फ खेळतात म्हणून.

त्या तीन खेपांत नामदेवांना एक गोष्ट झाली, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. ईश्वरी सांगेल तसा चेंडू मारायचा, मग चेंडूमागे चालायचं, असं करत ते आपलं सगळं शेत चालले. भिंत झाल्यापासून जे बाहेरून सुद्धा दिसलं नव्हतं ते. पाणी आत-बाहेर करायची उघाडी होती तिथे आता वाळूचा खड्डा होता. त्यांचे वडील दुपारचे टेकायचे ती जागा दोन नंबरच्या झेंड्याजवळ होती. हिरवळ फार सुंदर होती, त्यांच्या भातापेक्षा गुळगुळीत, आणि तिच्यात काही पिकत नव्हतं. नामदेवांना ते शेत बघून आनंद होत होता आणि आनंद होतोय याची चीड येत होती. फुकट मिळत होतं म्हणून त्यांनी तिसऱ्या खेपेला सगळे खड्डे पुरे केले. चौथ्या खेपेला त्यांचा एक फटका बरा बसला आणि ईश्वरीने टाळ्या वाजवल्या. बापदेवापुढून मात्र ते प्रत्येक वेळी मान दुसरीकडे करून गेले.

हळदीच्या आदल्या दिवशी पाचवी खेप होती. पुतळाबाई नवं लुगडं नेसून, नथ घालून आल्या. नामदेवांनी काउंटरवर कार्ड ठेवलं. काउंटरवरच्या मुलाने यंत्रात बघितलं आणि चेहरा पाडला.

"सर, तुमची फ्री लिमिट संपलीय. आजचे अठरा हजार क्रेडिट होणार नाहीत."

"नक्की ना?" नामदेवांनी विचारलं.

"नक्की, सर. सॉरी, सर."

"पक्की चौकशी कर. नंतर परत बिरत आलं तर मी हितं येऊन बसेन."

मुलाने साहेबाला विचारलं. साहेबाने बँकेला विचारलं. परत येणार नाही असं तीन तोंडांनी कळलं तेव्हा पुतळाबाईंनी मान हलवली आणि नामदेवांनी यंत्रात आकडे दाबले. कार्डाचं पहिल्यांदा काही वसूल होणार नव्हतं आणि नामदेवांना इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं.

या वेळी त्यांनी एकही चेंडू मारला नाही. सरळ उंडीच्या झाडाकडे गेले. पुतळाबाईंनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. शेंदूर, अक्षता, नारळ. पत्रिका ठेवताना त्या देवाला हळू आवाजात म्हणाल्या, मागचा धरू नको, आजचा धर. उदबत्ती नीट जळली. नारळ एका फटक्यात फुटला आणि आतून पांढराशुभ्र निघाला. पुतळाबाईंच्या चेहऱ्यावरचा इतक्या दिवसांचा ताण उतरला. घरी गेल्यावर त्या हळद फोडायला बसणार, रूपेशला लावणार, हे आता नामदेवांना विचारावं लागलं नाही.

मग दोघं बांधावर बसली. पूर्वी दुपारच्या भाकरीला बसायची तशी, पाय खाली सोडून. पुढे पाणी होतं, पाण्यापलीकडे भिंत, आणि भिंतीवरून यार्डातल्या कंटेनरांची टोकं दिसत होती. नामदेवांनी बूट काढले.

"कवरं झालं आजचं?" पुतळाबाईंनी विचारलं.

"अठरा हजार."

"परत नाय ना यायचं?"

"नाय."

पुतळाबाईंनी समाधानाने खोबऱ्याचा तुकडा तोडून त्यांच्या हातावर ठेवला. थोडा वेळ त्या गवतावरून हात फिरवत राहिल्या.

"मामंजींना ह्या शेताचं कवरं मिललेलं वो?"

नामदेव खोबरं चावत होते.

"पंदरा हजार," ते म्हणाले. "सगल्या शेताचं. ते पन तीन हप्त्यांत."

मागून गाडीचा आवाज आला. ईश्वरी उतरून जवळ आली, थोडी संकोचत. तिच्या मागे लांबवर चार जण काठ्या टेकून उभे होते.

"सर, प्लीज रागावू नका हं," ती म्हणाली. "पण इथे असं बसता येत नाही. मागचा ग्रुप थांबलाय."

"सॉरी, सॉरी," नामदेव म्हणाले. त्यांनी घाईघाईने बूट उचलले, पुतळाबाईंना हात दिला आणि दोघं बांधावरून खाली उतरली.